दूरसंचार शिकायला सुरुवात करताना आधी नॉइज समजून घ्या

१८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागराच्या तळावर टाकलेल्या पहिल्या तारेतून राणी व्हिक्टोरियाचा संदेश अमेरिकेला गेला. शब्द अवघे ९८, आणि ते पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले. एवढ्या लांब तारेत प्रत्येक स्पंद वाटेतच पसरत होता आणि मागून येणाऱ्या स्पंदात मिसळत होता. एक खूण कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, हेच पलीकडच्या माणसाला कळेना. तारेचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी व्होल्टेज वाढवून पाहिले, थेट दोन हजार व्होल्टच्या आसपास. आधीच कच्चे असलेले इन्सुलेशन त्याने आणखी खचले आणि काही आठवड्यांत तार मुकी झाली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांचे म्हणणे वेगळे होते: प्रवाह थोडाच सोडा आणि पलीकडे तो टिपणारे यंत्र अधिक नाजूक करा. १८६६ ची तार त्यांच्या मार्गाने चालली आणि टिकली.

ही गोष्ट दूरसंचाराच्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी ऐकावी, असे मला मनापासून वाटते. किती जोरात बोलायचे याची चिंता या विषयात फारशी नसते. पलीकडे जे पोचले ते नॉइजमधून, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या नको असलेल्या गोंधळातून, वेगळे ओळखता येते का, याचीच असते. तरीही बऱ्याच अभ्यासक्रमांत मॉड्युलेशनच्या (माहिती लहरीवर चढवण्याच्या) आकृत्या आधी येतात आणि नॉइज शेवटच्या प्रकरणात. मग विद्यार्थ्याला आकृत्या पाठ होतात, पण त्या तशा का आहेत हे कळत नाही. म्हणून खालचा क्रम थोडा वेगळा आहे. लॉगॅरिदम, साइन लहर आणि संभाव्यतेची तोंडओळख एवढी शिदोरी पुरेशी आहे. सोबत वही मात्र हवीच, कारण आकडे हाताने मांडल्याशिवाय हा विषय बोटांत उतरत नाही.

पायरी १: डेसिबल अंगवळणी पाडा

ट्रान्समीटरमधून शंभर मिलिवॉट निघतात आणि रिसिव्हरला वॉटचा अब्जावा भाग मिळतो. इतकी शून्ये लिहीत बसलात तर चूक ठरलेली. डेसिबल म्हणजे दोन शक्तींच्या गुणोत्तराच्या लॉगची दहापट, म्हणून त्यात गुणाकाराची बेरीज होते आणि भागाकाराची वजाबाकी. दोनच गोष्टी पाठ करा: ३ डेसिबल म्हणजे जवळजवळ दुप्पट, १० डेसिबल म्हणजे दहापट. बाकी सगळे यातून निघते. ७ डेसिबल किती? दहापट करून निम्मे केले, म्हणजे पाचपट. ३७ डीबीएम किती? ३० डीबीएम म्हणजे १ वॉट, वर ७ डेसिबल, म्हणून ५ वॉट.

डीबी आणि डीबीएम यांतला फरक इथेच पक्का करा. डीबी हे नुसते गुणोत्तर आहे, तर डीबीएम ही १ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली खरी शक्ती आहे. डीबीएममध्ये डीबी मिळवता येतो. दोन डीबीएम मात्र सरळ एकमेकांत मिळवता येत नाहीत. एकमेकांशी संबंध नसलेले २० डीबीएमचे दोन सिग्नल एकत्र आले तर उत्तर ४० नाही, २३ डीबीएम येते, कारण शक्ती फक्त दुप्पट झाली. परीक्षेत आणि प्रयोगशाळेत मी सर्वाधिक पाहिलेली चूक हीच. दुसरी चूक व्होल्टेजची: शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून व्होल्टेजच्या गुणोत्तराला लॉगची वीसपट घ्यायची, दहापट नाही.

आठवडाभर रोज दहा आकडे तोंडी इकडून तिकडे करा. कॅल्क्युलेटर दूर ठेवा.

पायरी २: नॉइजची जमीन कुठे आहे ते पाहा

तापमान शून्य केल्व्हिनच्या वर असलेल्या प्रत्येक रोधकात इलेक्ट्रॉन सैरावैरा हलत असतात आणि त्यांच्या हालचालीतून नॉइज निर्माण होतो. बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी तो मोजला, त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले आणि १९२८ मध्ये दोघांचेही निबंध प्रसिद्ध झाले. नॉइजची शक्ती काढायला बोल्ट्झमनचा स्थिरांक, केल्व्हिनमधले तापमान आणि बँडविड्थ (वापरलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याची रुंदी) यांचा गुणाकार करायचा. तापमान २९० केल्व्हिन धरले की दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम येतात.

हा उणे १७४ चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढची अनेक वर्षे तो तुमच्या सोबत राहील. १ मेगाहर्ट्झ बँडविड्थला त्यात ६० डेसिबल मिळवा: उणे ११४ डीबीएम. २० मेगाहर्ट्झला ७३ मिळवा: उणे १०१ डीबीएम. बँडविड्थ वाढवली की नॉइजही तेवढाच आत येतो, ही गोष्ट या एका बेरजेत दिसते. रुंद दार उघडले की वाराही जास्त येतो.

रिसिव्हर स्वतःही नॉइजची भर घालतो. त्या भरीला नॉइज फिगर म्हणतात. एकामागोमाग जोडलेल्या टप्प्यांत पहिल्या टप्प्याचा नॉइज सर्वांत जास्त नडतो, कारण पुढच्या टप्प्यांचा वाटा पहिल्याच्या गेनने, म्हणजे तो सिग्नल जितक्या पट वाढवतो त्याने, भागला जातो. हॅराल्ड फ्रिस यांचे हे सूत्र कळले की कमी नॉइजचा ॲम्प्लिफायर अँटेनाला चिकटून का बसवतात, लांब केबलच्या शेवटी का नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पायरी ३: एक लिंक बजेट स्वतः मांडा

आता दोन्ही पायऱ्या एकत्र आणू. लिंक बजेट म्हणजे पाठवलेल्या शक्तीतून वाटेतली घट वजा करून पलीकडे किती उरते याचा हिशेब. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी एक बिनतारी जोडणी घ्या. ट्रान्समीटर १०० मिलिवॉटचा, म्हणजे २० डीबीएम. दोन्ही बाजूंचे अँटेना प्रत्येकी २ डीबीआयचे (सर्व दिशांना सारख्या पसरणाऱ्या आदर्श अँटेनाच्या तुलनेत २ डेसिबल गेनचे), अंतर १०० मीटर, बँडविड्थ २० मेगाहर्ट्झ आणि नॉइज फिगर ६ डेसिबल.

मोकळ्या अवकाशातली घट काढायचे सूत्र असे: ३२.४४ मध्ये मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेच्या लॉगची वीसपट आणि किलोमीटरमधल्या अंतराच्या लॉगची वीसपट मिळवायची. २४०० मेगाहर्ट्झचे ६७.६ येतात. ०.१ किलोमीटरचे उणे २० येतात. एकूण ८० डेसिबल.

रिसिव्हरला मिळाले: २० + २ − ८० + २ = उणे ५६ डीबीएम, म्हणजे सुमारे अडीच नॅनोवॉट. १०० मिलिवॉट सोडून हातात अडीच नॅनोवॉट. नवख्याला हा आकडा केविलवाणा वाटतो. पण नॉइजची जमीन उणे १०१ अधिक ६, म्हणजे उणे ९५ डीबीएमवर आहे. सिग्नल तिच्यापेक्षा ३९ डेसिबल वर आहे, म्हणजे जवळपास आठ हजार पट. व्यवहारात ही अगदी उत्तम जोडणी झाली. सिग्नल किती लहान आहे याला एकट्याने अर्थ नाही. तो कशाच्या तुलनेत लहान आहे, हे विचारा.

आता मध्ये प्रत्येकी १० डेसिबल खाणाऱ्या दोन भिंती घाला. ३९ चे १९ डेसिबल उरले. मग भिंती काढून अंतर दुप्पट करा: फक्त ६ डेसिबल जातात. म्हणजे अशा दोन भिंती अंतर दहापट करण्याइतक्या महाग पडल्या. अँटेना मोठा केला तर, बँडविड्थ निम्मी केली तर, वारंवारता दुप्पट केली तर काय होईल, हे एकेक आकडा बदलून पाहा. शेवटच्या प्रश्नात थोडे थांबा. सूत्रात वारंवारता वाढली की घट वाढते, म्हणून अवकाशच उच्च वारंवारता जास्त शोषते, असा समज होतो. तो चुकीचा आहे. तेवढ्याच गेनचा अँटेना उच्च वारंवारतेला आकाराने लहान होतो आणि कमी ऊर्जा गोळा करतो. ही घट त्या लहान ओंजळीची आहे.

ऑप्टिकल फायबरचे बजेट याहून सोपे आहे, कारण तिथे घट अंतराबरोबर सरळ वाढते. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवले की काच पुरेशी शुद्ध केली तर दर किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली घट आणता येईल. आज १५५० नॅनोमीटरला ती सुमारे ०.२ डेसिबल आहे. म्हणजे १०० किलोमीटर गेल्यावरही शंभरातला एक भाग प्रकाश उरतो. बिनतारी बजेटशेजारी हे मांडून पाहा, मग समुद्राखालून फायबर का टाकतात ते आकडेच सांगतील.

पायरी ४: शॅननची मर्यादा

१९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी सिद्ध केले की नॉइज असलेल्या वाहिनीचीही एक ठाम क्षमता असते. तिच्या खालच्या वेगाने पाठवलेली माहिती हवी तितकी चूकविरहित पोचवता येते, वरच्या वेगाने नाही. क्षमता म्हणजे बँडविड्थ गुणिले दोनच्या पायाचा लॉग, आणि लॉग कशाचा तर एक अधिक सिग्नल-नॉइज गुणोत्तर. इथे गुणोत्तर डेसिबलमध्ये घालायचे नाही, साध्या पटीत घालायचे.

आपल्या ३९ डेसिबलच्या जोडणीला हे लावले तर क्षमता सेकंदाला सुमारे २५९ मेगाबिट येते. भिंतींसकट १९ डेसिबल उरले तर सुमारे १२७ मेगाबिट. शक्ती शंभर पटीने घटली, पण क्षमता फक्त निम्मी झाली. उलट बँडविड्थ दुप्पट केली आणि गुणोत्तर तेच राखले, तर क्षमता सरळ दुप्पट होते. नव्या पिढीचे प्रत्येक बिनतारी तंत्र अधिक रुंद पट्टा का मागते, हे या सूत्रात लिहिलेले आहे. व्हाइटहाउस यांच्या दोन हजार व्होल्टना फळ का आले नाही, त्याचा सूरही इथे ऐकू येतो: शक्ती लॉगच्या आत अडकलेली आहे, बँडविड्थ बाहेर मोकळी आहे.

पायरी ५: आवाजाचे आकडे, आणि एका तारेवर अनेक जण

सॅम्पलिंगचा नियम सगळ्यांना पाठ असतो: सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घ्या. टेलिफोनने आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ हा पट्टा ठेवला, सेकंदाला ८००० नमुने घेतले आणि प्रत्येक नमुन्याला ८ बिट दिले. त्यातून सेकंदाला ६४ किलोबिट हा प्रसिद्ध आकडा आला. पण नियम मोडला तर काय होते, हे कानाने ऐकल्याशिवाय तो समजत नाही. संगणकावर ५ किलोहर्ट्झचा सूर ८ किलोहर्ट्झने सॅम्पल करून वाजवा. ३ किलोहर्ट्झचा सूर ऐकू येईल. तो खोटा सूर नंतर कुठल्याही फिल्टरने वेगळा काढता येत नाही, म्हणून गाळणी सॅम्पलिंगच्या आधी लावायची.

एका नमुन्यापासून दुसऱ्यापर्यंत १२५ मायक्रोसेकंद जातात. त्या फटीत इतरांचे नमुने बसवले की झाले टाइम डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग. ३२ कप्पे बसवले की २.०४८ मेगाबिटची ई-१ वाहिनी, २४ कप्पे आणि एक जादा बिट बसवला की १.५४४ मेगाबिटची टी-१. हे आकडे स्वतः गुणून पाहा.

मग प्रश्न येतो, किती ग्राहकांना किती वाहिन्या पुरतील? कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर एरलांग यांनी १९१७ मध्ये त्याचे सूत्र दिले. १०० जण तासाभरात प्रत्येकी ३ मिनिटे बोलतात, तर वाहतूक ३०० मिनिटांची, म्हणजे ५ एरलांग. शंभरातला जेमतेम एक कॉल अडावा अशी अट घातली तर ११ वाहिन्या लागतात. आता ग्राहक दहापट करा: वाहतूक ५० एरलांग. वाहिन्या ११० लागतील असे वाटते, पण ६४ पुरतात. मोठ्या गटात सगळ्यांची गर्दी एकाच क्षणी होण्याचा संभव कमी, म्हणून एकत्र वापर स्वस्त पडतो. इंटरनेटचे पॅकेट स्विचिंग हीच कल्पना टोकाला नेते. तिथे वाहिनी कोणाच्याच नावावर नसते. कॉल नाकारला जात नाही, पॅकेट रांगेत थांबते, आणि त्याची किंमत विलंबाने मोजावी लागते.

पायरी ६: मॉड्युलेशनकडे आता या

३ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी १०० किलोमीटर, म्हणजे पाव लहरीचा अँटेना २५ किलोमीटर उंच. ९०० मेगाहर्ट्झला तोच अँटेना ८ सेंटिमीटरच्या आसपास. माहिती वाहून नेणारी उच्च वारंवारतेची कॅरिअर लहर लागण्याचे एक मोठे कारण एवढेच. दुसरे कारण, प्रत्येकाला आपापला पट्टा देता यावा.

डिजिटल मॉड्युलेशन शिकताना लहरींच्या आकृत्यांपेक्षा कॉन्स्टेलेशनकडे जास्त वेळ द्या. एका वेळी पाठवलेली खूण म्हणजे सिम्बॉल, आणि प्रत्येक सिम्बॉल म्हणजे कागदावरचा एक ठिपका. क्यूपीएसके या पद्धतीत चार ठिपके, सिम्बॉलमागे २ बिट. १६-क्यूएएममध्ये ४ बिट, ६४ मध्ये ६, २५६ मध्ये ८. नॉइज प्रत्येक ठिपक्याला धक्का देतो आणि तो शेजाऱ्याच्या हद्दीत गेला की चूक होते. सरासरी शक्ती तेवढीच ठेवून ठिपके वाढवले की ते जवळ येतात, म्हणून जास्त बिटांना जास्त चांगले गुणोत्तर लागते. तुमचा फोन खांबापासून दूर गेला की वेग का घसरतो? कारण यंत्रणा मुद्दाम ठिपके कमी करते, म्हणजे उरलेले ठिपके तरी वेगळे ओळखू यावेत.

अटलांटिकच्या तारेत स्पंद एकमेकांत मिसळत होते. हवेतही तेच होते, पण वेगळ्या वाटेने: सिग्नल इमारतींवरून परावर्तित होऊन थोडा उशिरा पुन्हा येतो आणि पुढच्या सिम्बॉलवर पडतो. ओएफडीएम त्यावर सुरेख तोड काढते. एक वेगवान प्रवाह शेकडो संथ प्रवाहांत वाटायचा, म्हणजे प्रत्येक सिम्बॉल लांब होतो. एलटीईमध्ये (म्हणजे ४जीमध्ये) उपकॅरिअर, म्हणजे त्या संथ प्रवाहांच्या लहरी, १५ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात आणि सिम्बॉल ६६.७ मायक्रोसेकंदांचा. त्याच्या आधी सिम्बॉलच्याच शेपटीची नक्कल जोडतात, साधारण ४.७ मायक्रोसेकंदांची. तेवढ्या वेळात रेडिओ लहर सुमारे १.४ किलोमीटर जाते. म्हणजे परावर्तित वाट सरळ वाटेपेक्षा तेवढी लांब असली तरी तिचा त्रास त्या नकलेतच जिरतो. गणित पुढच्या सत्रात येईल, तोवर ही कल्पना मनात असू द्या.

पायरी ७: चुका स्वतः मोजा

या पायरीला सुटीचा एक पूर्ण दिवस द्या. पायथॉन पुरेसे आहे, यंत्रसामग्री काही लागत नाही. यादृच्छिक बिट तयार करा, एकला +१ आणि शून्याला −१ द्या. ही झाली बीपीएसके. त्यात गॉसियन नॉइज मिळवा, आलेल्या आकड्याचे फक्त चिन्ह पाहून निर्णय घ्या आणि किती बिट चुकले ते मोजा. बिटमागची ऊर्जा भागिले नॉइजची घनता हे गुणोत्तर ० ते १० डेसिबलपर्यंत बदलत आलेख काढा. उभा अक्ष लॉगचा ठेवा.

दोन जागी पाय घसरतो. एक, नॉइजचे प्रसरण (व्हेरियन्स) घनतेच्या निम्मे घ्यायचे असते. तो दोनचा भागाकार विसरलात तर आख्खा आलेख ३ डेसिबलने सरकतो. तुमचा आलेख पुस्तकातल्यापेक्षा बरोबर ३ डेसिबल दूर दिसला, तर आधी इथे पाहा. दोन, लाखात एक चूक मोजायला लाखभर बिट पुरत नाहीत. भरवसा ठेवायचा तर निदान शंभर चुका दिसायला हव्यात, म्हणजे एक कोटी बिट. सगळे जुळले की लाखात एक चूक सुमारे ९.६ डेसिबलला येईल.

आता प्रत्येक बिट तीनदा पाठवून बहुमताने निर्णय घ्या. चुका कमी होतील असे वाटते. पण हिशेब प्रामाणिक ठेवा: ऊर्जा तेवढीच आहे, म्हणून प्रत्येक प्रतीला तिसरा हिस्साच मिळतो. असे केल्यावर आलेख सुधारण्याऐवजी बिघडलेला दिसेल. नुसती पुनरुक्ती म्हणजे कोडिंग (जादा बिटांच्या मदतीने चुका सुधारणे) नव्हे, हे त्या रेषेइतके स्पष्ट कुठलेही व्याख्यान सांगू शकत नाही. नंतर बहुमताऐवजी तिन्ही आलेले आकडे तसेच मिळवा आणि बेरजेचे चिन्ह पाहा. रेषा पुन्हा मूळ जागी येईल. जो तोटा दिसला होता तो घाईने निर्णय घेण्याचा होता. पुढे रिचर्ड हॅमिंग यांचा १९५० चा कोड लिहा, चार बिटांना तीन तपासणी बिटांची जोड देणारा. त्यात थोडासा खरा फायदा दिसेल, तोही नॉइज कमी असताना.

त्याच आलेखावर उणे १.६ डेसिबलला एक उभी रेषा ओढा. बँडविड्थ हवी तेवढी दिली, तरी शॅननच्या नियमाने त्या रेषेच्या डावीकडे कोणालाही जाता येत नाही. तुमच्या ९.६ पासून त्या रेषेपर्यंत ११ डेसिबलची मोकळी जागा दिसेल. व्हिटर्बी यांची कोड उलगडण्याची १९६७ ची पद्धत, १९९३ चे टर्बो कोड, गॅलागर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेले आणि आज ५जीमध्ये डेटा वाहणारे एलडीपीसी कोड, हे सगळे त्याच जागेत राहतात. टर्बो कोड आपल्या वेगाच्या मर्यादेपासून एक डेसिबलच्या आत पोचले. आलेख छापून टेबलासमोर लावा आणि पुढच्या सत्रात जो कोड शिकाल त्याची रेषा त्यावर पेन्सिलीने काढत जा.